मिठाच्या बरणीतला चौथा हिस्सा

सर्व आप्तेष्टांस, हितचिंतकांस आणि आमच्या घराविषयी आजवर अर्धवट माहिती पसरवणाऱ्या शेजाऱ्यांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, लग्नानंतर तीन महिन्यांच्या आत मी सासरचं सोनं घालवलं, ही बातमी अर्धीच खरी आहे. पुढचं कोणी नीट सांगत नाही, म्हणून मलाच लिहावं लागत आहे.

मामंजींची श्रीवर्धनला सुपारीची वाडी होती. सुपारीला भाव आला की वर्ष बरं जायचं, नाही आला की घरात सगळ्यांनी जपून बोलायचं. एका झाडाच्या मर्जीवर जगायला मामंजी कंटाळले होते. म्हणून शिल्लक पडेल ते त्यांनी चार ठिकाणी वाटून ठेवलं होतं. मुंबईच्या एका गिरणीचे शेअर, सरकारी रोखे, थोडी रोकड आणि उरलेलं सोनं. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती, तरी आमच्या गल्लीत शेअर म्हणजे जुगार आणि रोखे म्हणजे सरकारला दिलेले हातउसने असाच समज होता.

ही अक्कल मामंजींनी कुठल्या दलालाकडून घेतलेली नव्हती. सासूबाई पावसाळ्याची बेगमी करताना लोणचं कधी एका बरणीत भरत नसत. "एकीला बुरशी आली तर तीन राहतात," म्हणत. शिवाय वैशाखात त्या सगळ्या बरण्या खाली काढायच्या आणि जी काठोकाठ असेल तिच्यातलं काढून उणीत भरायच्या. मामंजी त्याच दिवशी, त्याच माजघरात, समोरच्या भिंतीला टेकून आपले कागद मांडायचे. जो हिस्सा फुगला असेल त्याला कात्री लावायची आणि रोडावलेल्यात भर घालायची. एकीकडे फोडी, एकीकडे शेअर, आणि दोघांच्या चेहऱ्यावर सारखाच संशय.

फक्त सोन्यावर त्यांचं पटत नसे.

"सोन्याला कात्री नाही," सासूबाई म्हणायच्या. "लोणचं संपतं, सोनं संपत नाही."

"तुझाच नियम आहे, अगं. भरलं असेल तिथून काढायचं."

"तो कैऱ्यांसाठी आहे."

ते सोनं माझ्या नणंदेच्या, म्हणजे वन्संच्या लग्नासाठी होतं. मार्गशीर्षात लग्न ठरलं होतं. कुठे ठेवलं आहे हे सासूबाई आणि मामंजी दोघांनाच माहीत. नव्या सुनेला असल्या गोष्टी पहिलं मूल झाल्यावर सांगायच्या, अशी आमच्याकडची रीत.

ज्येष्ठ लागला होता. आभाळ भरून यायचं आणि विचार बदलायचं. त्या दुपारी सासूबाई आणि वन्सं देवळात, मामंजी वाडीत, आमचे हे कामासाठी मुंबईला, आणि मी घरात एकटी. आमच्या नारळाची झापं नेणारी कोळीण घाईघाईने परसात आली.

"सूनबाय, थोरं मीठ दे. मिठाची होडी आली न्हाय, आनि बांगडा आलाय ढीगभर. आज खारवला न्हाय तं फुकट जाईल."

आता मीठ द्यायला माझी ना नव्हती. पण मीठ कोणाच्या हातात देऊ नये, भांडण होतं, हे मला आईने पाळण्यापासून शिकवलेलं. सासरी येऊन तीन महिने झालेले, गावातलं पहिलं भांडण माझ्या नावावर नको होतं. रोजच्या बरणीत मूठभरच उरलं होतं. मी कोपऱ्यातली बेगमीची मोठी बरणी उचलली, ती पायरीवर ठेवली, दोन पावलं मागे सरले आणि म्हटलं, "घ्या." तिने बरणीच डोक्यावर घेतली आणि गेली. मला माझ्या शहाणपणाचं फार कौतुक वाटलं.

संध्याकाळ व्हायच्या आत बरणी परत आली. धुतलेली, लख्ख, रिकामी. सासूबाई नुकत्याच देवळातून आल्या होत्या. त्यांनी बरणी पाहिली, मग मला पाहिलं.

"ह्यातलं मीठ?"

मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्या पाटावर बसल्या. मग हळू म्हणाल्या, "तळाशी पुरचुंडी होती."

मला पुढचं विचारायची गरज पडली नाही. वन्सं दारात उभ्या होत्या. त्यांनी पुढे येऊन रिकाम्या बरणीचा तळ चाचपून पाहिला. मी मनातल्या मनात माहेरी जायची ट्रंक भरली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कोळीवाड्याकडून वारा आला तर सासूबाई खिडकी लावून घेत. मासळीचं नावसुद्धा त्या घेत नसत, "ते" म्हणत. त्या सासूबाई अनवाणी, भरभर, कोळीवाड्यात पोचल्या. मागे मी, माझ्या मागे वन्सं, आणि वाडीतून बोलावून आणलेले मामंजी सर्वांत मागे. ते एवढे सावकाश का चालत आहेत, हे मला कळेना.

कोळणीच्या अंगणात मोठं लाकडी पिंप होतं. मिठाचा थर, बांगड्यांचा थर, पुन्हा मीठ.

"पुरचुंडी?" ती म्हणाली. "आमी तिघी व्हतो, बरनी उलटी केली नि मोकळ्या. पाहाला वेळ कुनाला? खालच्या थरात असंल तं असंल."

सासूबाईंनी पदर खोचला, डोळे मिटले आणि कोपरापर्यंत हात पिंपात घातला. बांगडे उजवीकडे, मीठ डावीकडे. मीही शेजारी वाकले. माझ्या तोंडात सतत एकच होतं, देवा, सापडू दे, मी जन्मभर अळणी जेवीन.

अर्धं पिंप उपसून झालं तेव्हा मामंजी खाकरले.

"अगं, थांब. त्यात नाही ते."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी काढलं होतं. चैत्रात." त्यांनी नजर समुद्राकडे वळवली. "सोन्याचा भाव चढला, हिस्सा फुगला. अर्धं विकून रोखे घेतले. मार्गशीर्षाच्या आधी पैसे हातात येतात, लग्नाला काही कमी नाही. उरलेलं सोनं भाताच्या कणगीत आहे. मिठाची बरणी घरात कोणीही उचलतं, म्हणून हलवलं. पुरचुंडीत सुपाऱ्या बांधून ठेवल्या, तुला संशय नको म्हणून."

मी तिथेच ओल्या वाळूत बसले आणि हसू लागले, आणि वन्सं माझ्या गळ्यात पडून हसू लागल्या. ट्रंक मनातल्या मनात रिकामी झाली.

सासूबाई तशाच वाकलेल्या. त्यांच्या तोंडावर काय काय आलं आणि गेलं. सोन्याला कात्री लावली होती, पण नियम त्यांचाच होता, आणि त्याच नियमाने सोनं वाचलं होतं. भांडायला जागा नव्हती. हात मात्र अजून बांगड्यांत होते.

एवढ्यात, कोणाचंही सोनं गेलं नाही याचं विशेष काही न वाटलेली कोळीण म्हणाली, "काकी, हात भरलंच हायेत, तं तेवढं खालचं बांगडं उलटं लावा."