चौदा ऑक्टोबरचा सामना

मृणालिनी पांढरीपांडे हे नाव अमेरिकेत कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून टॅलिव्हर कॉलेजात तिची ‘मिस पी’ झाली. बाई मूळची नागपूरची. राहायची प्लेनो शहरात, आणि रोज तास-सव्वा तास ड्राइव्ह करून जायची ती या लहानशा गावातल्या काळ्या लोकांच्या कॉलेजात. गोऱ्यांच्या कॉलेजांचे दरवाजे बंद होते त्या काळात काळ्या लोकांनी स्वतःसाठी उभं केलेलं कॉलेज ते. तिथं ती स्टॅटिस्टिक्स शिकवायची. प्लेनोतल्या काकू-मावश्या विचारायच्या, “अगं, एवढ्या लांब कशाला? इथं काय कॉलेजं नाहीत?” कारण एकच होतं, फुटबॉल. अमेरिकन फुटबॉल हं, चेंडू पोटाशी धरून पळायचं, एकमेकांना धडका द्यायच्या, ते!

तिचे बाबा नागपुरात क्रिकेटचे स्कोअरर. लहानपणी त्यांच्या शेजारी बसून पेन्सिली टोकदार करायची, तेव्हापासून ते वेड. टॅलिव्हरच्या टीमचा स्कोअर वीस वर्षं तिनं डोळ्यांत तेल घालून लिहिला. गेल्या वर्षी कॉलेजनं टीमच बंद केली. तेव्हा हिनं जुनी रजिस्टरं चाळून, म्हाताऱ्या खेळाडूंच्या घरी खेटे घालून टीमचा शंभर वर्षांचा इतिहास लिहिला. कॉलेजनं शिक्का मारला, पुस्तक छापलं. बाई खूश!

त्या खुशीला नजर लागली या ऑक्टोबरात. काळ्या कॉलेजांच्या जुन्या खेळाडूंची एक संघटना आहे. सामन्यात जीव गमावलेल्या मुलांची नावं ती एका दगडी भिंतीवर कोरणार होती. टॅलिव्हरचं एकच नाव होतं, लूथर टिबेट. ते पाठवलं होतं त्याचे टीममधले जोडीदार अमोस लेदरवुड यांनी. एकोणीसशे एकसष्टच्या टीमपैकी आता तेवढेच उरलेले, वय चौऱ्याऐंशी, मुक्काम वृद्धाश्रमात. सोमवारी मृणालिनी भेटायला गेली, तर त्यांनी संघटनेचं पत्र तिच्या हातात ठेवलं. कॉलेजच्या अधिकृत इतिहासात असा सामनाच नाही, म्हणून नाव घेता येत नाही.

“पोरी, चौदा ऑक्टोबर काढ बरं तुझ्या पुस्तकात,” म्हातारा म्हणाला.

तिनं काढलं. सात तारखेचा सामना होता, एकवीसचा होता. मधला शनिवार नव्हता.

रजिस्टरात तिनं स्वतः वाचलं होतं : टॅलिव्हर तेरा-सहानं पुढे, चारपैकी तिसऱ्या क्वार्टरमध्ये खेळ थांबवला. आणि तिच्या आत बाबा बोलले होते, खेळ पुरा झाला नाही, निकाल नाही. अपुरे सामने धरलेले नाहीत, अशी टीप टाकून तिनं तो सामना गाळला होता. कुणाला विचारायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. क्रिकेटच्या घरात वाढलेल्या माणसाला यात विचारण्यासारखं काय वाटणार?

“थांबवला होता ना, मिस्टर अमोस?” तिनं चाचरत विचारलं.

“थांबवला म्हणजे? लूथरनं चेंडू रेषेपार नेला, दुसरा टचडाउन केला, पुढच्याच धडकेत त्याची मान मोडली. आम्ही त्याला बसमध्ये घातलं. डोकं माझ्या मांडीवर. दोन हॉस्पिटलांनी दारातून परत पाठवलं, काळा म्हणून. तिसऱ्याच्या वाटेवर गेला. आम्ही निघण्याआधीच दोन्ही कोचांनी हात मिळवले होते, आहे तो स्कोअर कायम, तोच निकाल. आमच्यात तशी रीत होती.”

“सॉरी,” ती म्हणाली. काय मेला शब्द! पण दुसरा सुचेना. “मी दुरुस्त करते. काहीही करून करते.”

घरी आल्यावर तिनं सगळं लेकीला सांगितलं. आन्या ऐकत राहिली आणि म्हणाली, “मॉम, धिस वॉज नॉट क्रिकेट.” पोरगी प्रेमानंच बोलली, पण आईला ते सुरीसारखं लागलं.

संघटनेतली बाई फोनवर भली होती. दगड येत्या सोमवारी कोरायला घेणार, म्हणाली. शुक्रवारी पाचच्या आत कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या सही-शिक्क्याचं दुरुस्तीपत्र द्या, बास.

बास! मंगळवारी मृणालिनी त्या विभागात गेली तर दाराला कुलूप. टीम बंद, तसा विभागही बंद. बुधवारी रजिस्ट्रार म्हणाले, हे आमचं काम नाही. गुरुवारी ती कॉलेजच्या अध्यक्षांच्या दाराशी तीन तास बसून राहिली. सेक्रेटरी शेवटी म्हणाली, “मिस पी, जो विभागच नाही त्याच्या नावानं सही करणार कोण? वकिलांना विचारावं लागेल. दोन आठवडे धरा.” मृणालिनीनं हात जोडले. अक्षरशः जोडले, त्या ऑफिसात, सगळ्यांसमोर. शुक्रवारी तिनं स्वतःच्या सहीचं पत्र पाठवलं, रजिस्टराच्या पानाचा फोटो जोडला, चूक माझी आहे असं तीनदा लिहिलं. साडेचारला उत्तर आलं. शिक्क्याशिवाय घेता येत नाही, आम्हाला फार वाईट वाटतं.

वाटू दे! वाईट वाटून दगडावर नाव उमटतं का?

तिला पळून जावंसं वाटलं. गाडी हायवेवर घातली, प्लेनोचा रस्ता धरला, आणि पुढच्या एक्झिटला वृद्धाश्रमाकडे परत फिरली. अमोस इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी बसले होते. तिनं सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच, एक अक्षर न लपवता. माझ्यामुळे झालं, म्हणाली.



“लूथरच्या आईला सांगायला मलाच पाठवलं होतं,” ते म्हणाले. “वीस वर्षांचा होतो मी. दारात उभा राहिलो आणि काय बोलावं कळेना. म्हटलं, मिसेस टिबेट, आपण जिंकलो. लूथरनं जिंकवलं. त्या बाईनं तेवढंच धरून ठेवलं, पोरी. मरेपर्यंत येईल-जाईल त्याला तेच सांगायची.” त्यांनी मान वर केली. “मी तिला खोटं सांगितलं होतं का गं?”

“नाही, नाही हो,” मृणालिनी म्हणाली आणि त्यांच्या खुर्चीपाशी खालीच बसली. “जिंकला होतात तुम्ही.”

“मग ते लिहिलं का नाहीस?”