दोन हिवाळ्यांचा क्लब

आमच्या शेजारच्या घरात बल्गेरियाची माणसं राहायची. हा देश कुठे आहे, हे मला मुलाकडे ट्रुगानिनाला येईपर्यंत माहीत नव्हतं. घरात मायलेक दोघंच. मुलगा फरशा बसवायचं काम करायचा, आई माझ्याच वयाची. आमच्याही घरात मायलेक दोघंच होतो. सून नातीला घेऊन सिडनीला निघून गेली, पाठोपाठ मुलाने नोकरी सोडली, म्हणून मी इथे आले होते. तो दिवसभर खोलीत असायचा. ताट दाराशी ठेवलं तर कधी घ्यायचा, कधी तसंच राहायचं.

शेजाऱ्याने आपल्या देशाच्या लोकांचा फुटबॉल क्लब काढला होता. आधी ते सगळे दुसऱ्या एका मोठ्या क्लबात खेळायचे. तिथे झेंडा कोणाचा लावायचा यावरून भांडण झालं आणि हे उठून आले. पण रागाने उठून आलेली माणसं अकरा भरेनात. मग त्यांनी एक नेपाळी घेतला, एक पंजाबी ड्रायव्हर घेतला. तरी गोलकीपर नव्हताच. एका शनिवारी माझा मुलगा कचऱ्याचा डबा आत घ्यायला तेवढा बाहेर आला होता, तेव्हा शेजाऱ्याने कुंपणावरून त्याला विचारलं. शाळेत असताना मी गोलात उभा राहायचो, हे त्याच्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. तो बूट शोधायला आत आला तेव्हा मी ओट्याशीच काम करत राहिले. बोलले तर तो बेत बदलेल असं वाटलं.

ते निघाले तशी शेजारीण दारात आली आणि तिने जग भरून पाणी वाटेवर ओतलं. आमच्याकडे माणसाला शेवटचं घराबाहेर नेलं की मागे असं पाणी ओततात. मी धावत जाऊन मुलाचा हात धरला. दुकानात थँक्यू म्हणायलाही माझी जीभ उचलत नाही, आणि त्या उंच उंच माणसांसमोर मी त्याला ओढत होते. तो ओशाळला, शेजाऱ्याशी काही बोलला आणि मला म्हणाला, "आई, काम पाण्यासारखं सुरळीत व्हावं म्हणून ओततात ते. सोड आता." मी का घाबरले ते शेजारणीला समजलं, तेव्हा तिने कपाळावर हात मारला आणि मला जवळ घेतलं.

त्या दिवशी ते सात गोलांनी हरले. पंजाबी गाडीतून उतरता उतरता शेजारणीकडे बघून म्हणाला, "आंटीजी, अगली बार पूरी बाल्टी डालना." माझा मुलगा हसला. तो आवाज मी विसरले होते.

मग दर शनिवारी तो जाऊ लागला. दोन्ही घरांच्या दोऱ्यांवर जर्सी वाळायच्या. शेजारीण अंगणात मिरच्या आणि वांगी भाजायची. मी तिच्या वांग्यांत कांदा, कोथिंबीर घालून भरीत केलं. दोघींना इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे आमचं कधी अडलं नाही. पहिल्या हिवाळ्याच्या हंगामात ते एकच मॅच जिंकले, आणि त्या दिवशी गॅरेजमध्ये ती सगळी माणसं हातात हात धरून रिंगणात नाचली. माझा मुलगाही नाचला, पाय चुकवत.

दुसऱ्या हिवाळ्यात क्लब उसवत गेला. एकाला लांब, देशाच्या दुसऱ्या टोकाला कालगुर्लीच्या खाणीत काम लागलं. एकाला मूल झालं. दोघे जुन्या क्लबात परत गेले. झेंड्याचं भांडण त्यांना आता आठवतही नव्हतं. सातपेक्षा कमी माणसं असली तर मॅच होत नाही. कोणाचा फोन न उचलणारा माझा मुलगा गुरुवारपासूनच एकेकाला फोन करायला लागायचा, येतोस ना म्हणून. शेवटच्या शनिवारी मी पण गेले होते. मैदानावर सहा जण आले. समोरची पोरं पळून पळून अंग गरम करत होती. रेफरीने बराच वेळ वाट पाहिली, मग शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझा मुलगा ग्लोव्ह्ज घालून गोलात उभाच होता. त्याला बोलवायला कोणी जाईना, शेवटी मी गेले.

महिन्याभरात शेजारीही आईला घेऊन कालगुर्लीला गेला. जाण्याआधी, दुसऱ्या एका क्लबात तुझ्यासाठी बोलतो, असं तो माझ्या मुलाला म्हणाला. नो वरीज, म्हणून याने विषय संपवला. घरी मी विचारलं, का नाही जात?

"त्यांच्याकडे गोलकीपर आहेत, आई. यांच्याकडे नव्हता."

ताट पुन्हा दाराशी राहू लागलं. माझा व्हिसा संपत आला आहे. मी गेल्यावर इथे दार वाजवणारंही कोणी नसेल, हा विचार सारखा डोक्यात असतो. परवा मनाचा हिय्या करून पार्कात गेले. तिथे आपली मुलं क्रिकेट खेळतात. त्यातल्या एका मराठी मुलाला सांगितलं, माझ्या मुलाला घ्याल का तुमच्यात? "हो काकू, पाठवा ना," तो म्हणाला, आणि लगेच बोलिंगला पळाला. मुलाचं नावसुद्धा त्याने विचारलं नाही.

घरी येऊन मी ते बंद दाराबाहेरून सांगितलं. त्याने दार उघडलं, शांतपणे ऐकलं, "बघू," म्हणाला आणि दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.