डावा पाय पुढे

उमेळे गावातली वाडी आम्ही बिल्डरला दिली, पण घोडी काही माझ्याने विकवली नाही. वरातीची घोडी होती, शांत. तिला बांधायला उरला तो आमची भिंत आणि नव्या बिल्डिंगचं कंपाउंड यांच्यामधला बोळ. त्यात तिला वळताही येत नसे. गवत मी तिच्यापुढे जमिनीवर टाकायचो. तोंड खाली पोचवायला तिला एक पाय पुढे सरकवावा लागे, आणि उजवीकडे पाण्याची टाकी असल्यामुळे तो कायम डावाच.

पाच वर्षांनी ती लंगडू लागली. नालबंदाने पुढचे दोन्ही खूर पाहिले. डावा पसरट झाला होता, उजवा उभा आणि चिंचोळा.

"खायला काय घालतोस ते राहू दे," तो म्हणाला. "खाताना उभी कशी राहते ते दाखव."

मी दाखवलं. त्याने खूर जमतील तेवढे तासून सारखे केले आणि म्हणाला, "मोकळ्यावर चरू दे हिला. आपोआप पाय बदलू लागेल."

मोकळं ठेवलंय कुठे आम्ही! चिडतचिडत तिला बंद पडलेल्या मिठागराजवळच्या माळावर नेलं. आजूबाजूला एकही भिंत नव्हती. दोरी सोडली. तिने मान खाली घातली आणि डावा पाय पुढे टाकला.

मी खाली बसून उजवा पाय हाताने पुढे ठेवला. तिने तो मुकाट्याने मागे घेतला. "अगं, टाकी नाहीये इथे!" मी ओरडलो. ती चरत राहिली.