डोळ्यातल्या पाण्याचा रिपोर्ट

नवऱ्यानं मला भिंतीवर आपटून तोंडावर ठोसे मारले, एक दात पडला. काही दिवसांनी उजवा डोळा लालभडक झाला, धूसर दिसू लागलं. खामगावच्या डॉक्टरीणबाईंनी डोळा बधिर करून सुईनं आतलं थेंबभर पाणी काढलं आणि लॅबमध्ये पाठवलं.

रिपोर्ट आल्यावर त्या आम्हा दोघांना म्हणाल्या, "आतली सूज अंगावर नागीण उठते त्या विषाणूमुळं आहे, मारामुळं नाही."

दवाखान्याबाहेर नवरा हसला. "पाह्यलं? माह्या हातानं नाही झालं."

"डोळ्याचं नसंन," मी म्हणाले, "पण दात त तुमीच पाडला ना?"

त्यानं लोकांसमोर केस धरून माझ्या थोबाडीत मारली. मी त्याला सगळ्या जोरानिशी ढकललं, तो पायऱ्यांवर आपटला. मी तशीच पिंपळगाव राजाच्या बसमध्ये चढले. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या तिथं माहेरीच पूर्ण केल्या; नजर बरीचशी सुधारली. त्याच्या घरी पुन्हा गेले नाही.