वहिनींना उभं कोण करणार?

अंधेरीत वर्सोव्याच्या रस्त्यावर जानकीची खानावळ होती. नवरा गुणाजी गिरणीतल्या अपघातात गेला, तेव्हापासून एकट्या-दुकट्या पुरुषांना जेवू घालून ती पोट भरत होती. त्या धबडग्यात या बाईने पस्तिशीनंतर रात्रशाळेत नाव घातलं आणि चक्क मॅट्रिक झाली. आता तिला शिक्षिका व्हायचं होतं, दुसरं काही नाही. ट्रेनिंग कॉलेजने तिचं वय बघून एकच अट घातली: ज्यांनी शिकवलं, त्यांच्यापैकी एकाचं शिफारसपत्र आणा.

कुणाला विचारायचं? गणिताच्या सुलक्षणाबाई तिच्याहून वयाने लहान, पण महा खडूस. "जानकी, उभी राहा. फळ्यावर ये. चुकलं. परत कर." उदाहरण सुटलं की नुसतं "बस." अख्ख्या वर्गासमोर त्यांनी तिला कितीदा रडवलं होतं. त्या काय चांगलं लिहिणार!

मराठीचे जयवंत मास्तर तिच्याच खानावळीत जेवायचे. तिथे सगळे तिला वहिनी म्हणत, म्हणून वर्गातही ती वहिनीच. आता वहिनींना उभं कोण करणार? त्यांच्या वहीत लाल रेघ कोण मारणार? "राहू द्या वहिनी, दमला असाल," एवढंच मास्तर म्हणत. जानकीला तो मान वाटे. कुणालाही वाटला असता.

तिने मास्तरांना विचारलं. त्यांनी जेवून हात धुतले, तिथेच बसून इंग्रजीत झकास पत्र लिहिलं आणि पाकीट चिकटवून दिलं.

कॉलेजच्या मुख्य बाईंनी ते दोनदा वाचलं, मग जानकीला त्याचा अर्थ मराठीत सांगितला: बाई स्वच्छ आहेत, सचोटीच्या आहेत, स्वयंपाकात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

"अभ्यासाबद्दल यात एक ओळही नाही हो," त्या संकोचून म्हणाल्या. "आणि प्रवेश आज बंद होतायत. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मात्र बाई हवीय."

"बरं," जानकी म्हणाली. राग यायला हवा होता, आला नाही. रडूही आलं नाही. घरी येऊन ती बांगडे साफ करायला बसली. बोटात काटा गेला, तोही तिला रक्त दिसल्यावर कळला. इतक्या वर्षांत आपल्याला "चुकलं" म्हणणारं एकच माणूस भेटलं आणि नेमकं त्यालाच आपण टाळलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. ते आठवूनही आत काही हललं नाही.

संध्याकाळी मास्तर पाटावर येऊन बसले.

"काय वहिनी, झालं ना काम?"

"स्वयंपाकघरात जागा आहे म्हणाल्या."

मास्तरांचा चेहरा खुलला. "बघा! आपल्या शब्दाला वजन आहे." मग घास हातातच राहिला. "अहो, पण मग आमच्या जेवणाचं काय?"

"जेवा तुम्ही," जानकी म्हणाली आणि तिने त्यांना भात वाढला.