गाळणीत पडलेली क्लिप

या दुखण्याबद्दल मी लिहावं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, पण डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. समजलं तेवढं लिहितो. चुकलं तर माफ करा.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांची एक किडनी आधीच आक्रसून निकामी झाली होती. दुसरीत गाठ निघाली. पुण्यात ऑपरेशन करून गाठ तेवढी काढली, किडनी वाचवली. कापलेल्या रक्तवाहिन्या बंद करायला आत प्लास्टिकच्या बारीक क्लिपा लावल्या. त्या आतच राहतात, असं सांगितलं होतं.

वर्षभरानं लघवीतून रक्त जाऊ लागलं. इंदापूरला सोनोग्राफीत मुतखडा दिसला. डॉक्टर म्हणाले, लघवी गाळून बघा, पडेल ते घेऊन या. अण्णा चहाची जुनी गाळणी घेऊन गोठ्यामागं जायचे. आमच्या नरसिंहपूरकडं मुतखडा घरोघरी. आईनं कुळथाचं पाणी सुरू केलं.

एका सकाळी गाळणीत खडा नाही, दाते असलेला पांढरा प्लास्टिकचा तुकडा पडला. शेजारच्या तात्यांनी तो तळहातावर घेतला.

"काय रं गड्या, ठिबकची नळी चावून खाल्ली व्हय?"

अण्णाही हसले. मी सुट्टीला घरी होतो.

"अण्णा, ही आतली क्लिप असंल. बारामतीला दाखवू."

"पडली की सुटलो. आता काय दाखवायचं?"

"आत अजून असत्याल."

"तोडीची टोळी आलीय फडात. ऊस जाऊ दे, मग बघू."

तोड एकदा हुकली की टोळी परत कधी येईल, याचा नेम नसतो. आईही त्यांच्याच बाजूनं बोलली.

ऊस भरतानाच त्यांना हुडहुडी भरली. लघवी बंद झाली. बारामतीला पोहोचेपर्यंत ते मला ओळखेनात. दुसरी क्लिप जागची सुटून किडनीखालच्या नळीत अडकली होती, तिच्याभोवती खडा धरला होता आणि वर तुंबलेल्या लघवीत पू झाला होता. डॉक्टरांनी पाठीतून नळी घालून पू काढला, नंतर दुर्बिणीनं क्लिप. अण्णा शुद्धीवर आले. किडनी पुन्हा काम करते का, वाट बघू, असं डॉक्टर म्हणाले. लघवीच्या पिशवीत थोडं काही साचलं की आई ती उजेडाकडं धरून बघायची.

तेवढ्यात माझी परीक्षा आली. पेपर देऊन बाहेर पडलो, तर आईचा फोन.

"जेवलास का?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"किडनी न्हाय चालू व्हायची म्हणं. आता जलमभर रक्त साफ करायच्या मशीनवरच. त्यांना अजून सांगितलं न्हाय. तू ये, आन् तूच सांग."