पेट्रोलच्या पंपावरचा ओला रुमाल

काल सावेडीत शेजाऱ्यांनी जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि तापलेल्या पेट्रोलचा वास आला. माझ्या लग्नाच्या दिवशीही हाच वास आला होता. आम्ही कोपरगावला सासरी निघालो होतो आणि भर उन्हात दिरांची गाडी बंद पडली.

"नवरीचा पायगुण, दुसरं काय!" चुलत सासूबाई म्हणाल्या.

माझ्या वडिलांची टॅक्सी होती. उन्हानं पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडते, हे मला ठाऊक होतं. मुंडावळ्या मागे सारून मी खाली उतरले, रुमाल भिजवला आणि इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ठेवला. दहा मिनिटांत गाडी सुरू झाली.

"पायगुण लई चांगला हाय पोरीचा!" त्याच म्हणाल्या.

तेव्हा राग आला होता. आता वाटतं, मत बदलायला त्यांना दहाच मिनिटं लागली. घरातल्या बाकीच्यांना वर्षं लागली.